प्रोब कुणाच्या हातात?

भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या मिलमधून लालबुंद रूळ बाहेर येतो, थंड होतो, सरळ केला जातो आणि मग त्याची परीक्षा होते ती ध्वनीने. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. रुळात सोडलेला ध्वनी सेकंदाला वीस ते चाळीस लाख कंपनांचा असतो. पोलादातून तो सेकंदाला सुमारे ५९०० मीटर वेगाने धावतो आणि आत भेग, पोकळी किंवा मळी आढळली की तिथूनच माघारी फिरतो. प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला यावरून दोष किती खोलवर आहे ते कळते. रूळ बाहेरून कितीही गुळगुळीत दिसला तरी त्याच्या पोटात काय दडले आहे, हे कापल्याशिवाय सांगणारी ही पद्धत आहे.

हे काम किती मोलाचे आहे याची साक्ष अपघातांच्या नोंदी देतात. २६ नोव्हेंबर १९९८ च्या पहाटे पंजाबातल्या खन्नाजवळ तुटलेल्या रुळामुळे एका गाडीचे डबे घसरले आणि समोरून आलेली जम्मूतावी–सियालदह एक्स्प्रेस त्यांवर आदळली. दोनशेहून अधिक माणसे दगावली. म्हणून रूळ कारखान्यात तपासले जातातच, शिवाय अंथरल्यानंतरही ठरावीक काळाने ध्वनियंत्राची गाडी त्यांवरून ढकलत नेऊन पुन्हा तपासले जातात. त्या गाडीवर पाण्याची टाकी असते, कारण ध्वनी सोडणारा प्रोब आणि पोलाद यांच्यात हवा राहिली तर ध्वनी आत शिरतच नाही. सोनोग्राफीच्या खोलीत पोटावर थंडगार जेल लावतात, त्यामागचे कारण हेच.

कारखान्याच्या टाउनशिपपासून रायपूरच्या बाजूला, मुंबई–हावडा लोहमार्गालगत भिलाई-३ वसले आहे. शेजारी चरोद्याला रेल्वेचे भलेमोठे मार्शलिंग यार्ड. पोलाद आणि रेल्वे या दोन्हींच्या सावलीत वाढलेल्या या गावात बारावी सायन्सला बायो घेतलेली मुले-मुली आता एक प्रश्न विचारू लागली आहेत: सोनोग्राफीत करिअर करता येईल का? दुर्ग-भिलाईत नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आणि नंतरच्या मध्य प्रदेशातच होता. त्यामुळे इथल्या मराठी घरांत हा प्रश्न निघाला की एक मामा नागपूरचे कॉलेज सुचवतो, दुसरा रायपूरचे, आणि मोबाइलवर अमेरिकेतल्या सोनोग्राफरच्या पगाराचे आकडे झळकतात.

त्या आकड्यांनी हुरळून जाण्याआधी या मुलांना एक गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगायला हवी. अमेरिकेत ‘सोनोग्राफर’ हा डॉक्टर नसलेला, स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेला व्यावसायिक असतो. तो तपासणी करतो, चित्रे टिपतो आणि निदानाचा अहवाल डॉक्टर देतो. भारतात मात्र गर्भवतीच्या पोटावर प्रोब ठेवण्याचा कायदेशीर अधिकार फक्त पात्र डॉक्टरांना आहे. हा फरक समजून न घेता घेतलेला प्रवेश म्हणजे वाया गेलेली वर्षे आणि फी.

हा फरक का पडला, हे समजण्यासाठी या तंत्राची दोन गावे पाहायला हवीत. एक ग्लासगो, दुसरे मुंबई.

धातूतला दोष ध्वनीने शोधता येईल ही कल्पना लेनिनग्राडच्या सर्गेई सोकोलोव्ह यांनी १९२८ मध्ये मांडली. भिलाईचा कारखाना ज्या सोव्हिएत मदतीने उभा राहिला (करार १९५५ चा, आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी), त्याच देशाच्या प्रयोगशाळेतली ही कल्पना. पुढे जहाजांचे पत्रे आणि बॉयलरचे जोड तपासायला दोषशोधक यंत्रे सर्रास वापरली जाऊ लागली. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंडचे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एड्लर आणि पदार्थवैज्ञानिक हेल्मुट हेर्ट्झ यांनी माल्म्योच्या जहाजबांधणी कारखान्यातले असेच यंत्र पाहिले, तसे एक यंत्र मिळवले आणि हृदयाची हालचाल टिपली. आज ज्याला आपण ‘इको’ म्हणतो त्याचा जन्म तिथला.

ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांची गोष्ट याहून रंगतदार आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारींच्या डिकीत घालून ते जुलै १९५५ मध्ये बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या रेनफ्रू इथल्या कारखान्यात गेले. काही गाठी भरीव होत्या, काही पाण्याने भरलेल्या. तुलनेसाठी कंपनीने गोमांसाचा मोठा तुकडा आणून ठेवला होता. पोलादातले दोष शोधणाऱ्या यंत्राने भरीव आणि पाण्याने भरलेल्या गाठींतला फरक दाखवला. पुढे टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याच्या साथीने डोनाल्ड यांनी यंत्र सुधारत नेले. पोटाचा असाध्य कर्करोग म्हणून ज्या बाईची आशा सोडलेली होती, तिच्या पोटात प्रत्यक्षात बीजांडाची मोठी, पाण्याने भरलेली गाठ असल्याचे या यंत्राने दाखवले. शस्त्रक्रिया झाली आणि बाई वाचली. ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध छापला गेला आणि सोनोग्राफी वैद्यकात रुजली. क्ष-किरणांसारखा प्रारणांचा धोका नाही, सुई नाही, दुखणे नाही. बाळाची वाढ, वार कुठे आहे, जुळी आहेत का, डोके खाली आहे की वर, हे सारे आईला आणि डॉक्टरला आधी कळू लागले. बाळंतपणातल्या मृत्यूंशी झुंजणाऱ्या समाजासाठी हे वरदान होते.

मुंबईत या वरदानाचे काय झाले, ते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातले जखमेचे पान आहे. सुरुवात गर्भजल तपासणीने झाली. आनुवंशिक आजार ओळखण्यासाठी आलेल्या तपासणीतून लिंग कळते, हे लक्षात आल्यावर तिच्या जाहिराती लोकलच्या डब्यांतून झळकू लागल्या. त्याविरुद्ध मुंबईतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या, डॉक्टर आणि वकील १९८० च्या दशकाच्या मध्यात एकत्र आले आणि त्यांनी गर्भलिंगनिदानविरोधी मंच उभा केला. मोर्चे निघाले, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले आणि १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

कायदा झाला, पण पाळला गेला नाही. दरम्यान लिंग दाखवू शकणारी सोनोग्राफी यंत्रे स्वस्त झाली, लहान झाली, तालुक्याच्या गावी पोहोचली. मग मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने राज्याराज्यांना जाब विचारला, यंत्रांची मोजदाद करायला लावली, आणि २००३ च्या दुरुस्तीने कायदा अधिक कडक झाला. आज आपण ज्याला पीसीपीएनडीटी म्हणतो तो हाच. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या ‘लेक लाडकी अभियाना’ने गर्भवती महिलांच्या धाडसी मदतीने सापळे रचून डॉक्टरांना पकडून दिले. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे नोंदयंत्र बसवण्याचा आदेश काढला. रेडिओलॉजिस्टांची संघटना त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने २०११ मध्ये आदेश उचलून धरला.

आकडे पाहिले की हा आटापिटा कशासाठी होता ते समजते. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ उरल्या, २०११ मध्ये ८९४. एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ साली हे प्रमाण ८३९ वर घसरले होते. साखर कारखाने, सिंचन, शिक्षण, पैसा सगळे असलेला जिल्हा. मुली नाहीशा होण्याचा संबंध गरिबीशी कमी आणि यंत्र परवडण्याशी जास्त होता, हे या आकड्यांनी उघडे पाडले. छत्तीसगड या बाबतीत श्रीमंत राज्यांहून सरस ठरले: २००१ मध्ये ९७५, २०११ मध्ये ९६९. आदिवासी आणि शेतकरी समाजातले मुलीचे स्थान हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. तरीही घसरण इथेही झाली, आणि यंत्रे जसजशी गावोगाव पोहोचतील तसतशी पहारेकऱ्यांची गरज वाढणार आहे.

या पार्श्वभूमीवर कायद्यातल्या अटी वाचल्या तर त्यांचा अर्थ लागतो. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी हवी, यंत्राची नोंदणी हवी, आणि नोंदणी नसलेल्याला यंत्र विकणे हाही गुन्हा आहे. कायद्याचा रोख गर्भलिंगनिदानावर असला तरी गर्भ दाखवू शकणारे प्रत्येक यंत्र त्याच्या कक्षेत येते. म्हणून मूतखडा पाहण्यासाठी ठेवलेल्या यंत्रालाही सुटका नाही. गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीला ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. त्यात तपासणीचे कारण लिहावे लागते, आणि लिंग पाहिले नाही व सांगितले नाही असे डॉक्टरला लिहून द्यावे लागते. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, दोष सिद्ध झाल्यास वैद्यक परिषदेच्या नोंदवहीतून पाच वर्षांसाठी नाव कमी, आणि पुन्हा गुन्हा केल्यास कायमचे. फॉर्ममधल्या चुकांसाठी गुन्हेगार ठरवू नका, अशी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती फेटाळली. नोंद न ठेवणे ही कारकुनी चूक मानता येणार नाही, गुन्ह्याची वाट तिथूनच निघते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. डॉक्टरांना हे जाचक वाटते आणि त्यांच्या तक्रारीत तथ्यही आहे. पण बेकायदा गर्भलिंगनिदान व गर्भपाताची परळीसारखी प्रकरणे ज्या राज्याने पाहिली, तिथे न्यायालयाची भूमिका चुकीची म्हणता येत नाही.

तर प्रोब हाती घ्यायचा असेल तर सरळ वाट एकच, आणि ती लांब आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. मग नीट. एमबीबीएस साडेपाच वर्षे, त्यात वर्षभराची इंटर्नशिप. मग पदव्युत्तर नीट आणि रेडिओडायग्नोसिसमध्ये एमडी किंवा डीएनबी तीन वर्षे, किंवा पदविका दोन वर्षे. म्हणजे अठराव्या वर्षी सुरू केले आणि कुठेही अडखळले नाही तरी सत्ताविशी गाठते. पदव्युत्तर प्रवेशात रेडिओलॉजीच्या जागा गुणवत्ता यादीतले वरचे विद्यार्थी आधी उचलतात, त्यामुळे स्पर्धा तीव्र आहे. स्त्रीरोगतज्ज्ञही आपल्या क्षेत्रातली सोनोग्राफी करतात. ज्या एमबीबीएस डॉक्टरला पुढे शिकता आले नाही त्याच्यासाठी २०१४ च्या नियमांनी सहा महिन्यांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि परीक्षा ठेवली आहे.

भिलाई-३ च्या मुलीला यासाठी फार दूर जावे लागेल असे नाही. दुर्गजवळच्या कचांदूरचे चंदूलाल चंद्राकर स्मृती वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये राज्य सरकारने ताब्यात घेतले. भिलाईतच जुनवानीला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. रायपूरला १९६३ पासूनचे पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१२ पासून एम्स. भिलाईच्या सेक्टर-९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय कारखान्याच्या कामगारांच्या तीन पिढ्यांनी पाहिले आहे.

हे काम नेमके कसे असते, ते करिअरच्या पुस्तिकांत क्वचितच लिहिलेले असते. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो आणि यंत्र हाच वेग गृहीत धरून खोली मोजते. कंपनसंख्या वाढवली की चित्र बारीक आणि स्पष्ट येते, पण ध्वनी खोलवर पोहोचत नाही. म्हणून गळ्यातल्या थायरॉइडसाठी एक प्रोब, पोटासाठी दुसरा. हाड आणि हवा हे या तंत्राचे दोन शत्रू. आतड्यात वायू भरला असेल तर स्वादुपिंड दिसतच नाही; मग रुग्णाला कुशीवर वळवायचे, श्वास रोखायला सांगायचे, प्रोब थोडा दाबून वाट काढायची. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये चित्र यंत्र काढते आणि डॉक्टर नंतर वाचतो. सोनोग्राफीत चित्र हातातून जन्मते. मनगटाचा कोन थोडा चुकला तरी गाठ निसटते, आणि जे निसटले ते छापील चित्रात नंतर कुणालाच सापडत नाही. अंधाऱ्या खोलीत दिवसभर खांदा उचलून बसल्याने मान, खांदा आणि मनगट धरते. या व्यवसायातल्या लोकांची ही जगभरची तक्रार आहे. आणि एखाद्या दिवशी मोठ्या आशेने आलेल्या जोडप्याला बाळाचे ठोके मिळत नाहीत हे सांगावे लागते. त्याचे प्रशिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात पुरेसे नाही.

छत्तीसगडमध्ये या कौशल्याचा एक उपयोग असा आहे की ज्याबद्दल इथल्या तरुणांनी मुद्दाम वाचावे. छत्तीसगड आणि लगतचा विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्या तुंबतात, आणि लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो. कानशिलाजवळचे हाड पातळ असते. तिथून प्रोबने मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला रक्ताचा वेग मोजता येतो. तो सरासरी सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला तर त्या मुलाला पक्षाघाताचा मोठा धोका असतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीने दाखवून दिले की अशा मुलांना नियमित रक्त दिले तर हा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक घटतो. म्हणजे साध्या, वेदनारहित तपासणीने मूल कायमचे अपंग होण्यापासून वाचू शकते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. रक्तचाचण्या लाखांनी होतील. त्यांतून सापडलेल्या मुलांच्या कानशिलावर प्रोब ठेवणारे हात मात्र वाढायला हवेत. दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया, गडचिरोली या सलग पट्ट्यात हे काम करणारा रेडिओलॉजिस्ट मोठ्या शहरातल्या दहा केंद्रांपेक्षा जास्त भले करील.

ज्यांना एमबीबीएसची वाट शक्य नाही, त्यांचे काय? त्यांनी ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ या नावाच्या मागे धावू नये. रेडिओग्राफी किंवा मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीची पदवी वा पदविका घेतल्यास एक्स-रे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी ही यंत्रे स्वतः चालवता येतात. तिथे तंत्रज्ञाचा हात खराखुरा यंत्रावर असतो. एमआरआय वगळता प्रारणांचा धोका असतो, म्हणून छातीवर प्रारण मोजणारा बिल्ला लावावा लागतो आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम पाळावे लागतात. रेल्वेच्या गावात वाढलेल्यांना एक दार जवळचे आहे. रेल्वे भरती मंडळाच्या पॅरामेडिकल भरतीत ‘रेडिओग्राफर एक्स-रे टेक्निशियन’ हे पद असते. २०२४ च्या जाहिरातीत त्याचे सुरुवातीचे मूळ वेतन २९,२०० रुपये होते. त्याच जाहिरातीत कार्डिअ‍ॅक टेक्निशियनचे पदही होते, २५,५०० रुपयांचे. हृदयविज्ञानाचे तंत्रज्ञ इसीजी, कॅथलॅब आणि इकोच्या खोलीत डॉक्टरांबरोबर काम करतात, आणि ध्वनिचित्रणाशी जवळचे नाते हवे असेल तर डॉक्टरेतरांसाठी हा सर्वांत प्रामाणिक पर्याय आहे.

सोनोग्राफी केंद्रातही मदतनिसांची गरज असतेच. पित्ताशय पाहायचे असेल तर उपाशी पोटी बोलवायचे, ओटीपोटाची तपासणी असेल तर मूत्राशय भरेपर्यंत पाणी पाजायचे, फॉर्म एफ बिनचूक भरायचा, प्रोब स्वच्छ ठेवायचा, रिपोर्ट टाइप करायचा, दरमहा पाच तारखेच्या आत समुचित प्राधिकाऱ्याकडे अहवाल धाडायचा. हे महत्त्वाचे आणि जबाबदारीचे काम आहे. पण त्यासाठी लाखांची फी घेणारा अभ्यासक्रम लागत नाही.

बदलाची एक चाहूल मात्र खरी आहे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि त्याच्या अनुसूचीत रेडिओलॉजी व इमेजिंग तंत्रज्ञांच्या गटात ‘डायग्नॉस्टिक मेडिकल सोनोग्राफर’ हे नाव स्पष्ट लिहिले आहे. एका कायद्याने ज्याला व्यवसाय म्हणून ओळख दिली, त्याच्या हातात दुसरा कायदा प्रोब देत नाही. ही विसंगती सरकारला कधी ना कधी सोडवावी लागेल. ब्रिटनमध्ये रेडिओग्राफर पदव्युत्तर प्रशिक्षण घेऊन सोनोग्राफी करतात आणि तिथली गर्भवतींची बहुतेक तपासणी तेच करतात. भारतात रेडिओलॉजिस्ट शहरांत एकवटलेले आहेत आणि बस्तर किंवा मेळघाटातल्या बाईला एका तपासणीसाठी दिवस मोडावा लागतो. प्रशिक्षित सोनोग्राफर तिच्या गावाजवळ आला तर जीव वाचतील, हा युक्तिवाद खरा आहे. दुसरीकडे, डॉक्टरला परवाना जाण्याची भीती असूनही ज्या देशात लाखो मुली जन्माआधी नाहीशा झाल्या, तिथे प्रोब धरणारे हात वाढवण्याआधी पहारा वाढवला पाहिजे. सरकारी रुग्णालयांत, डॉक्टरच्या देखरेखीखाली, पोट, थायरॉइड, हृदय आणि सिकलसेलच्या तपासण्यांपासून सुरुवात करता येईल. गर्भाची तपासणी तूर्त डॉक्टरांकडेच राहावी. तसा बदल होईपर्यंत मात्र, उद्या कायदा बदलेल या भरवशावर आज कुणी आपली वर्षे लावू नयेत.

परदेशाचे स्वप्न असेल तर तेही डोळे उघडे ठेवून पाहावे. अमेरिकेत १९७५ साली स्थापन झालेल्या एआरडीएमएस या संस्थेची परीक्षा हा तिथला मान्य दाखला आहे, आणि तिथल्या मान्यताप्राप्त कार्यक्रमात प्रत्यक्ष रुग्णांवरचे प्रशिक्षण घ्यावे लागते. भारतात डॉक्टर नसलेल्याला गर्भवतीच्या तपासणीचे असे प्रत्यक्ष प्रशिक्षण कायद्याने मिळू शकत नाही. त्यामुळे इथे सर्टिफिकेट घेऊन तिथे नोकरी, असे सांगणाऱ्या एजंटाच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. ज्यांना जायचेच आहे त्यांनी इमेजिंगची भक्कम पदवी इथे घ्यावी आणि सोनोग्राफी तिथेच शिकावी.

ज्याला ध्वनीच्या या विद्येची ओढ आहे पण रुग्णालयाची नाही, त्याच्यासाठी भिलाईइतकी चांगली जागा देशात फार थोडी असेल. पोलाद, रूळ, बॉयलर, पूल, पाइपलाइन, विमानाचे भाग, सगळीकडे न तोडता तपासणी करणारी माणसे लागतात. या क्षेत्राला एनडीटी म्हणतात. भारतीय अविध्वंसक परीक्षण संस्था पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीची प्रमाणपत्रे देते, आणि त्यासाठी आयएस १३८०५ हे भारतीय मानक आहे. आयटीआय, मेकॅनिकल किंवा मेटलर्जीचा डिप्लोमा, पदवी, यातल्या कुठूनही सुरुवात करता येते. रेल्वेचे अभियंते रुळांच्या ध्वनितपासणीचे प्रशिक्षण लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्याच संशोधन संस्थेकडून घेतात. इथे प्रोब पहिल्या दिवसापासून आपल्याच हातात असतो, आणि त्याने पकडलेली एक भेग हजारो प्रवाशांचे प्राण वाचवते. यंत्रच घडवायचे असेल तर रायपूरच्या एनआयटीत बायोमेडिकल इंजिनिअरिंगची पदवी आहे. तिथला विद्यार्थी सिकलसेलच्या मुलांसाठी रक्ताचा वेग मोजणारे स्वस्त डॉप्लर यंत्र बनवण्याचे काम हाती घेऊ शकतो.

प्रवेशाच्या दिवसांत रायपूर-दुर्ग रस्त्यावर ‘सहा महिन्यांत सोनोग्राफी शिका’ अशा तऱ्हेची एखादी पाटी दिसली तर आत जाऊन तीन प्रश्न विचारावेत. अभ्यासक्रमाला कोणत्या विद्यापीठाची किंवा परिषदेची मान्यता आहे, ती कागदावर दाखवा. प्रत्यक्ष प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या देखरेखीखाली मिळते? आणि हे शिकल्यावर पीसीपीएनडीटी कायद्यानुसार मला प्रोब धरता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळाले आणि तुम्ही एमबीबीएस नसाल, तर फी भरू नका.